आकाशाशी ताळा पाहणारा मास्तर

महाडजवळचे सव म्हटले की लोकांना गरम पाण्याची कुंडे आठवतात. सांधे धरलेली माणसे तिथे जातात, पाय बुडवून बसतात. त्या कुंडांच्या शेजारून वाहणारी सावित्री पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. तिथून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले, की वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै अशी गावे एकेक करून मागे पडतात आणि मग मुरूड लागते. हे जंजिऱ्याचे मुरूड नव्हे, दापोली तालुक्यातले. या मुरूडचे नाव निघाले की महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण कर्व्यांहून पाच वर्षांनी वडील असा आणखी एक माणूस या गावाने महाराष्ट्राला दिला. त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून संकष्टी किंवा संक्रांत करणाऱ्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म आषाढ शके १७७५ चा, म्हणजे जुलै १८५३ चा. पेशाने शाळामास्तर. त्यांच्या नावामागे कॉलेजची पदवी नव्हती आणि कुठल्या वेधशाळेची नोकरीही त्यांनी कधी केली नाही. आयुष्य मिळाले चव्वेचाळीस वर्षांचे. तेवढ्यात त्यांनी मराठीत एक असा ग्रंथ लिहिला, की भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला आजही तो टाळून पुढे जाता येत नाही. इथे ज्योतिष म्हणजे कुंडली आणि भविष्य नव्हे. आकाशातल्या ज्योतींचे गणित, या अर्थाने ज्योतिष.

लहानपणी मुरूडला संस्कृत आणि वेदपठण झाले. सतरा वर्षांचे असताना ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले, तीन वर्षे तिथे काढली आणि मास्तर होऊन बाहेर पडले. मग ज्या गावी बदली, तिथे बिऱ्हाड. १८७४ ते १८८० रेवदंडा, मग ठाणे, १८८२ पासून बार्शी, १८८९ पासून धुळे आणि १८९४ पासून अखेरपर्यंत पुणे. ज्यांनी बदलीच्या नोकऱ्या केल्या आहेत त्यांना या ओळीतला प्रत्येक स्वल्पविराम कळेल. सामान बांधणे, नवे घर, पोरांची शाळा, शेजाऱ्यांची ओळख होईतो पुढचा हुकूम. आमच्या बँकेच्या नोकरीत आम्ही या गोष्टीचे रडगाणे पुष्कळ गायले. दीक्षितांना मात्र प्रत्येक गावी एक जुना सोबती भेटत होता. गाव बदलले तरी त्याच ऋतूत, त्याच वेळी, जवळजवळ त्याच जागी नक्षत्रे हजर असत.

रेवदंडा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडातले. तिथल्या मराठी शाळेचे ते हेडमास्तर होते. रेवदंड्याहून किनाऱ्याने खाली आले की कोर्लई, काशीद आणि मग नांदगाव. हे नांदगाव साधे नव्हे. इथल्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ नावाचा ग्रंथ रचला. पूर्वीचे गणित इतके क्लिष्ट, की पंचांग करणाऱ्याचा घाम निघावा. गणेश दैवज्ञांनी त्यातली ज्या-कोज्यांची आकडेमोड काढून टाकली आणि ग्रह कुठे आहे ते सोप्या गणिताने काढता येईल असे केले. त्यांचे वडील केशव हे आकाशाकडे स्वतः पाहणारे गणिती होते. ग्रंथातून येणारी ग्रहांची जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा यांत किती फरक पडतो, हे त्यांनी ताडून पाहिले होते. मुलाने त्या पाहणीचा फायदा घेतला आणि त्याचा ग्रंथ पुढे तीन-साडेतीनशे वर्षे महाराष्ट्रभर चालला.

गंमत अशी झाली, की वडिलांनी पाहण्याची जी सवय लावली तिचा लोकांना विसर पडला आणि मुलाने दिलेली सोपी रीत तेवढी राहिली. चांगले घड्याळसुद्धा दिवसाला दोन सेकंद मागे पडत असेल, तर वर्षाने बारा मिनिटे मागे पडते. ग्रहलाघवाचे तसेच झाले. दीक्षितांच्या काळापर्यंत ग्रहांच्या जागेत डोळ्याला कळेल इतका फरक पडू लागला होता. पंचांगात एक लिहिलेले आणि आकाशात दुसरेच.

आता प्रश्न असा, की अशा वेळी चूक कोणाची मानायची?

आम्हा बँकवाल्यांना याचे उत्तर नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. संध्याकाळी तिजोरीतली रोख मोजायची आणि वहीतल्या शिलकेशी ताळा पाहायचा. वहीत एक आकडा आणि हातात दुसरी रक्कम आली, तर हातातली रक्कम खोटी असे कोणी म्हणत नाही. वही पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते. आकाश ही रोख आणि पंचांग ही वही. दीक्षितांनी आयुष्यभर जे केले ते याहून वेगळे नव्हते. पण ही वही साधी नव्हती. तिच्यावर व्रते, लग्ने, श्राद्धे आणि सण चालत होते. तिला हात लावणे म्हणजे प्रत्येकाच्या देवघराला हात लावणे होते.

पंचांग सुधारले पाहिजे हे म्हणणारे ते पहिले नव्हते. केरो लक्ष्मण छत्रे हे पुण्याचे थोर गणिती. त्यांनी १८६५ पासून युरोपीय पद्धतीच्या अचूक गणिताचे पंचांग काढायला सुरुवात केली होती. ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाऊ लागले. ठाण्याला असताना दीक्षितांचा जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी सहवास आला. विसाजी रघुनाथ लेले हेही त्याच वाटेचे प्रवासी. या तिघांचे म्हणणे छत्र्यांच्याही एक पाऊल पुढचे होते. गणित अचूक करून भागणार नाही, वर्ष मोजायला सुरुवात कुठून करायची हेच मुळात सुधारले पाहिजे, असे ते म्हणत.

हा मुद्दा संक्रांतीवरून चटकन समजतो. सूर्य दक्षिणेकडे जायचा थांबून उत्तरेकडे वळतो, त्या दिवसाचे नाव उत्तरायण. संक्रांतीला आपण तिळगूळ देतो तो उत्तरायण सुरू झाले म्हणून, असे घरोघर सांगितले जाते. पण सूर्य प्रत्यक्षात वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपली संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. हे चोवीस दिवस आले कुठून?

ते आले दरवर्षीच्या वीस मिनिटांतून. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याशी यायला ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटे लागतात. ऋतूंचे वर्ष मात्र ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटांचे असते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, म्हणून हा फरक पडतो. त्या डोलण्याची एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. वर्षाला वीस मिनिटे म्हणजे सुमारे ७१ वर्षांत एक पूर्ण दिवस. ताऱ्यांवरून वर्ष मोजणारे पंचांग ते निरयन आणि ऋतूंवरून मोजणारे ते सायन. आपली चालत आलेली पंचांगे निरयन. त्यामुळे दीक्षितांच्या तरुणपणी १२ जानेवारीच्या सुमारास येणारी संक्रांत आता १४-१५ तारखेला येते, आणि हेच चालू राहिले तर सव्वा हजार वर्षांनी ती फेब्रुवारीत जाईल. सण ऋतूंशी बांधलेले असतील तर ऋतूंबरोबर राहिले पाहिजेत, हे दीक्षितांचे मत.

मोडक, लेले आणि दीक्षित यांनी १८८० च्या दशकात सायन पंचांग छापायला घेतले. छापले, पण घराघरांत शिरले नाही. आणि का शिरावे? आजीची एकादशी एका दिवशी आणि शेजारणीची दुसऱ्या दिवशी, हे कोणत्या घराला चालणार? संक्रांतीला वाण द्यायला डिसेंबरात निघालेल्या सुनेकडे गावाने कसे पाहिले असते? गणिताने माणूस बरोबर असला तरी सणाला एकटा पडतो. सण सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे, आणि विरोधकांच्या बाजूचे हे बळ दीक्षितांना कळत नव्हते असे नाही. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी ठरवले, की आपले पंचांग आजवर कसकसे बदलत आले हेच मुळापासून शोधून मांडायचे. जे पूर्वी अनेकदा बदलले, ते पुन्हा बदलणे हा अधर्म कसा होईल?

योग असा, की दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवला होता. दीक्षित तेव्हा बार्शीला होते. दिवसा इंग्रजी शाळेत मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हे काम. जुन्या पोथ्या मिळवायच्या, निरनिराळ्या प्रांतांतली पंचांगे मागवायची, ताडून पाहायची. बार्शीत मोठे ग्रंथालय कुठले? तरीही १८८८ साली त्यांनी ग्रंथ पुरा केला. तो छापून निघायला मात्र १८९६ साल उजाडले. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून बाहेर आला. वेदकाळ आणि वेदांगकाळापासून पुढच्या सिद्धांतकाळापर्यंत, त्यांच्या स्वतःच्या दिवसांतल्या पंचांगवादापर्यंत सगळे त्यात आहे.

बार्शीच्या त्या वर्षांतच आणखी एक काम त्यांच्याकडे आले. फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी गुप्त राजांच्या शिलालेखांवर काम करत होते. गुप्त राजांचा शक नेमका कधी सुरू झाला, यावर विद्वानांत मोठा वाद होता. मध्य प्रदेशात एरण इथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त शक १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरले आहे. तिथी आणि वार दोन्ही असले की गणित्याला साक्षीदार मिळतो. शकाचा आरंभ चुकीचा धरला तर तिथी जमते आणि वार चुकतो. दीक्षितांनी गणित करून दिले, की हा दिवस म्हणजे इ. स. ४८४ च्या जूनची २१ तारीख, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. अशा मेळांच्या आधाराने गुप्त शकाचा आरंभ इ. स. ३१९-३२० ला नक्की झाला. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. शाळेतली मुले आज समुद्रगुप्त-चंद्रगुप्ताच्या सनावळ्या पाठ करतात, त्यांच्या मुळाशी बार्शीच्या एका मास्तराची आकडेमोड आहे.

पुढे रॉबर्ट स्यूअल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ केला. तोही १८९६ सालचाच. हिंदू तिथीवरून इंग्रजी तारीख काढण्याची कोष्टके त्यात दिली आहेत. महाडच्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. रायगडावर राज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ला. ही तिथी आणि ६ जून १६७४ ही तारीख यांच्यामध्ये जो पूल आहे, तो अशा कोष्टकांचा. कागदावर तिथी असलेली प्रत्येक सनद, प्रत्येक पत्र इतिहासात नेमक्या जागी बसवायचे तर त्या पुलावरूनच जावे लागते.

पण दीक्षितांचे सर्वांत नावाजलेले काम कृत्तिकांचे. ते समजायला दुर्बीण लागत नाही, आणि सवचे किंवा पोलादपूरचे कोणीही ते आपल्या अंगणातून करून पाहू शकते.

कार्तिकातल्या एखाद्या संध्याकाळी, अंधार पडू लागला की पूर्वेकडे पाहावे. लहानशा द्राक्षाच्या घोसासारखा ताऱ्यांचा एक पुंजका वर येताना दिसतो. या कृत्तिका. साध्या डोळ्यांना सहा मोजता येतात, नजर तीक्ष्ण असली तर सात. कार्तिकेयाच्या सहा माता त्या याच. आता त्या नेमक्या कुठून उगवतात ते पाहावे. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. आपल्या भागातून पाहिले तर कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत. पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे अडीच मुठी सरकून उगवतात.

शतपथ ब्राह्मणात मात्र उल्लेख आहे, की इतर नक्षत्रे पूर्व दिशा सोडतात, कृत्तिका सोडत नाहीत. हे वाक्य पूर्वी अनेकांनी वाचले असेल. पाठ म्हणणाऱ्यांनी तर शेकडो वर्षे म्हटले. दीक्षितांनी त्याचा आकाशाशी ताळा पाहिला. आज कृत्तिका पूर्वेला उगवत नाहीत, तर लिहिणाऱ्याने तसे का लिहावे? तो खोटे बोलला असे म्हणून सोडून देता आले असते, किंवा त्यात काही गूढ अर्थ काढता आला असता. दीक्षितांनी तिसरी वाट धरली. त्याने डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले, असे समजून चालायचे आणि मग कृत्तिका बरोबर पूर्वेला केव्हा उगवत होत्या त्याचे गणित करायचे. पृथ्वीच्या आसाचे डोलणे मागे मागे नेत गेले, की उत्तर येते सुमारे इ. स. पूर्व ३०००.

या निष्कर्षावर तेव्हाही वाद झाला आणि आजही आहे. पूर्व सोडत नाहीत याचा अर्थ काटेकोर पूर्व बिंदू असाच घ्यावा का, आणि निरीक्षण जुने असले तरी ग्रंथ तेवढाच जुना ठरतो का, असे आक्षेप आहेत आणि ते विचार करण्याजोगे आहेत. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’मध्ये मृग नक्षत्राच्या आधाराने वेदांचा काळ याहूनही मागे नेला होता. त्याचाही वाद मिटलेला नाही. पण काळ थोडा पुढेमागे झाला तरी दीक्षितांनी दाखवलेली रीत राहतेच. पोथीतले वाक्य एका जिवंत माणसाने, कुठल्यातरी रात्री, उघड्या आकाशाखाली उभे राहून लिहिले असेल, हे त्यांनी ओळखले.

याच सुमारास दूर पॅरिसमध्ये पॉल आणि प्रॉस्पर हे आँरी बंधू कृत्तिकांकडेच पाहत होते, पण निराळ्या डोळ्याने. १८८५ च्या नोव्हेंबरात त्यांनी दुर्बिणीला फोटोची काच लावून ती तासन्‌तास कृत्तिकांवर रोखली. आपला डोळा प्रकाश साठवत नाही, काच साठवते. सहा-सात ताऱ्यांच्या जागी हजाराहून अधिक तारे उमटले, आणि माया नावाच्या ताऱ्याभोवती पूर्वी कोणी न पाहिलेला धूसर ढग दिसला. आज महाडचा एखादा मुलगा तिपाईवर कॅमेरा लावून वीस-तीस सेकंद त्याचे दार उघडे ठेवतो, तेव्हा तो आँरी बंधूंचीच विद्या वापरत असतो. कॅमेरा ध्रुवाकडे रोखून तासभर ठेवला, तर प्रत्येक तारा पंधरा अंशांची कमान काढतो आणि ध्रुव जवळजवळ जागच्या जागी राहतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून अठरा अंशांवर, म्हणजे जेमतेम दोन मुठींवर असतो. त्या फोटोत एका तासाचे फिरणे दिसते. दीक्षितांनी जे फिरणे पकडले ते पाच हजार वर्षांचे होते. त्यासाठी त्यांची काच म्हणजे ती जुनी पोथी होती.

धुळ्याच्या मुक्कामात, १८९२ च्या सुमारास, त्यांनी सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. पंडितांशी वाद घालणारा माणूस हे असे नाव देतो, यावरूनच त्याचा स्वभाव कळतो. आकाश पाहणे ही त्याच्या दृष्टीने आधी मौज होती. एक घटका चोवीस मिनिटांची, दोन म्हणजे अठ्ठेचाळीस. जेवणे उरकल्यावर आणि निजण्याआधी कोणत्याही घराला एवढा वेळ सहज काढता येतो. शिवाय दिव्यातून बाहेर आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे पहिली घटका डोळ्यांसाठी आणि दुसरी ताऱ्यांसाठी, असा हिशेब अगदी चोख बसतो.

१८९४ साली ते पुण्याला, जिथे शिकले त्याच ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला आले. त्या वेळी पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती आणि तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गावर उतरून महाराष्ट्र ओलांडून गेली. विजयदुर्गावर लॉकियर आले होते. सोलापूरकडे जेऊरला नायगमवालांनी तंबू ठोकून सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटाचे फोटो घेतले. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही. त्याची पहिली खूण १८६८ च्या ग्रहणाच्या वर्षातली. पण १८९८ चे ग्रहण महाराष्ट्रासाठी मोठेच होते. एकाच शहरात एकीकडे दुर्बीण आणि कॅमेरा, दुसरीकडे पोथी, पेन्सिल आणि डोळा, असा तो काळ होता.

त्या ग्रहणानंतर तीन महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये दीक्षित वारले. पंचेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांचा मोठा ग्रंथ छापून जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या डोलण्यावर त्यांनी आयुष्य घातले, ते त्यांच्या सबंध हयातीत किती पुढे गेले असेल? पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून किंचित जास्त. इतक्या सावकाश हलणाऱ्या गोष्टीचा हिशेब ठेवायचा तर माणसाने आपल्या आयुष्याची मोजपट्टी बाजूलाच ठेवावी लागते.

आणि तो हिशेब पुढे चालू राहिला. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. १९५५ साली तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष ऋतूंचे, म्हणजे सायन आहे. चैत्र १ हा दिवस २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला. धार्मिक सण मात्र पूर्वीच्याच पद्धतीने राहू दिले. सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी जी शकातली तारीख छापलेली असते, तिच्यात मोडक, लेले आणि दीक्षित यांचे अर्धे म्हणणे मान्य झालेले दिसते. उरलेले अर्धे बहुधा कधीच मान्य होणार नाही. आपली संक्रांत जानेवारीतच राहील आणि त्यात कोणाचे काही बिघडले असेही नाही. मात्र आज घरोघर टांगल्या जाणाऱ्या कॅलेंडरांत ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत बरोबर असते. वही आकाशाशी जुळलीच पाहिजे, हा आग्रह जिंकला.

त्या समितीत उज्जैनचे रा. वि. वैद्य होते. पुढे दीक्षितांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले आणि भारत सरकारने ते दोन भागांत प्रसिद्ध केले. त्याआधी १९५७ साली हिंदी भाषांतर निघाले होते. मराठीत लिहिलेले शास्त्र इतर भाषांत नेण्याची गरज इतरांना वाटावी, असे प्रसंग आपल्याकडे फार नाहीत.

हौसेने आकाश पाहणाऱ्यांची परंपराही मोडली नाही. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन करत आले. पण जी गोष्ट दीक्षितांना फुकट मिळत होती ती आता शोधत जावे लागते, आणि ती म्हणजे अंधार. महाडची औद्योगिक वसाहत, महामार्ग, प्रत्येक वाडीतले पांढरे दिवे यांनी क्षितिज उजळून गेले आहे. सवसारखी नदीकाठची गावे, पोलादपूरकडून आंबेनळी घाटाकडे चढणाऱ्या रस्त्यालगतच्या वाड्या इथे अजून थोडा अंधार शिल्लक आहे. तिथून हिवाळ्यात दक्षिणेला, डोंगराने अडवले नाही तर, अगस्तीचा तेजस्वी तारा सुमारे दोन मुठींवर दिसतो. उत्तर भारतात तो क्षितिजाला टेकलेला असतो आणि युरोपच्या बहुतेक भागात दिसतच नाही. कृत्तिकांचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तिथून निघून सुमारे ४४० वर्षे झाली. तेव्हा शिवरायांचा जन्मही झाला नव्हता.

ज्यांना एवढेही जमणार नाही त्यांनी येत्या संकष्टीला एक करून पाहावे. कॅलेंडरात आपल्या गावासाठी किंवा जवळच्या शहरासाठी चंद्रोदयाची वेळ दिलेली असते. मुलांच्या हातात घड्याळ द्यावे आणि चंद्र प्रत्यक्ष केव्हा दिसतो ते लिहून ठेवायला सांगावे. महाड-पोलादपूरला तो छापील वेळेपेक्षा उशिरा दिसेल. मुले विचारतील, कॅलेंडर चुकले का? उत्तर लगेच सांगू नये. पूर्वेला सह्याद्री उभा आहे, तो ओलांडून चंद्राला वर यायचे असते, हे त्यांचे त्यांना सुचू द्यावे. मोदक पाच-दहा मिनिटे थांबतील.